आबा, कंदील अजून पडवीत आहे

तीर्थस्वरूप आबा,

साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, शेजारी म्हणून तुम्ही जे केलंत त्याबद्दल निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. गाडीची वेळ झालेली, आई पिशव्या भरतेच आहे, पोरं रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही नेहमीप्रमाणे बेड्याशी, फाटकाशी, उभे. पाया पडले तर "ये गो" एवढंच म्हणालात. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही बोलणं भाताकडे वळवलं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. वहिनीच्या फोनवर हे पोहोचेल, ती तुम्हाला वाचून दाखवील. वाडीतली जी माणसं मुंबईला, ठाण्याला, पुण्याला आहेत त्यांनीही वाचावं असं मला वाटतं.

आपल्याकडे चतुर्थीला गाव भरतो. कुडाळ स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते, बंद घरांची कुलुपं निघतात, भजनं पहाटेपर्यंत चालतात. दिवाळीला तसं नाही. दिवाळीला भात कापणीला आलेलं असतं, परतीच्या पावसाची धास्ती असते, आणि चाकरमानी चतुर्थीची रजा संपवून बसलेला असतो. पाच घरं सोडून एका घराच्या पडवीत दिवा दिसतो. मीही गेली सोळा वर्षं चतुर्थीचीच पाहुणी होते. दिवाळीला बाबा-आई दोघंच असायची आणि बाबा फोनवर सांगायचे, "कंदील लावला हो." मी "हो का" म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

बाबा गेल्या वर्षी श्रावणात गेले. त्या दिवाळीला घरात काही करायचं नव्हतंच. यंदा वर्षश्राद्ध झालं तरी आई म्हणत होती, "मी एकटी, कसला कंदील नि कसलं काय." म्हणून आम्ही यायचं ठरवलं. येताना मी ठाण्याच्या बाजारातून एक तयार कंदील आणला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवता येतो तसला. तुम्ही तो ओटीवर बघितलात. हातात घेतलात, उघडलात, परत घडी केलीत आणि जागेवर ठेवलात. मग म्हणालात, "कंदील इकत कित्याक हाडलंस? उद्या सकाळी पोरांका घेऊन ये."

त्या रात्री मी बाबांचा जुना सांगाडा शोधायला माळ्यावर चढले. बाबा दर वर्षी तुळशीचं लग्न झालं की कागद काढून टाकायचे आणि सांगाडा माळ्यावर वाशाला टांगून ठेवायचे. पुढच्या वर्षी कागद तेवढा नवा. सांगाडा होता, पण हात लावला तर पिवळट पीठ भुरभुरलं. भुंग्यानं आतून पोखरून काढला होता. मी तो तसाच चादरीत गुंडाळून सकाळी तुमच्या खळ्यात, अंगणात, आणला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. खाली बसलात, एकेक काडी नखानं टोकरत गेलात. मोडकी काडी डावीकडे, चांगली उजवीकडे. शेवटी उजवीकडे चार काड्या उरल्या, वरच्या चौकोनाच्या. त्या काळपट झालेल्या होत्या. "हो चौकोन चुलीच्या अंगाक होतो," तुम्ही म्हणालात, "धूर लागलो म्हणान रवलो."

मग तुम्ही पडवीतून कामट्यांची जुडी आणलीत. माणग्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या बांबूच्या, कामट्या, साफ तासलेल्या, सावलीत वाळवलेल्या. मला वाटलं, बुट्ट्या विणायला ठेवलेल्यातल्याच असतील.

त्यानंतरचे दोन दिवस मी कधी विसरणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या घरी आता हे कुणी विचारलं तर सांगता यावं, हाही हेतू आहेच.

आपला जुना कंदील २४ काड्यांचा असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. चार काड्यांचा एक चौकोन, असे चार चौकोन कोनावर उभे करून एकमेकांना टोकाशी बांधायचे. त्या झाल्या सोळा. वर चार, खाली चार. मधले आठ त्रिकोण वेगळे करावेच लागत नाहीत, ते आपोआप तयार होतात. बारा सांधे, आणि प्रत्येक सांध्यात चार काड्यांची तोंडं. माझ्या मुलानं ते सांधे तीनतीनदा मोजले. तुम्ही माप म्हणून तुमची वीत धरलीत आणि पहिली काडी कापलीत. पुढच्या एकोणीस त्या काडीला लावून लावून कापायला लेकीला बसवलंत. एक काडी गव्हाच्या दाण्याएवढी आखूड झाली. ती म्हणाली, "चालेल ना आबा?" तुम्ही नाही म्हणाला नाहीत. "बांधून बघ" म्हणालात. तिनं बांधली, सांगाडा एका बाजूला कलला, तिनं आपणहून सोडवली आणि नवी काडी घेतली. मी शाळेत शिकवते, आबा. चूक ज्याची त्याला दिसू देणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे. माझा हात पुढे जातो. तुमचा गेला नाही.

बाबांच्या चार काड्या तुम्ही वेगळ्या ठेवल्या होत्या. बांधायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात दिल्यात. "हो तुझ्या बापाशीचो. हो वरच ऱ्हवतलो." नव्या पिवळ्या काड्यांवर तो एक काळपट चौकोन. दोरा खळीत बुडवून गाठ मारायची म्हणजे सुकल्यावर सुटत नाही, हेही तेव्हाच शिकले. माझ्या पहिल्या गाठी तुम्ही सोडायला लावल्यात, त्याबद्दलही आभार.

सांगाडा उभा राहिला तरी डुगडुगत होता. हातात धरला की पिळवटून आत जायचा. पोरं हिरमुसली. तुम्ही म्हणालात, कागद बसेपर्यंत तो असाच असतो. त्यावर माझा विश्वास बसला नव्हता. काड्या कागदाला धरतात, कागद काड्यांना कसा धरणार? पण चौथा चौकोन चिकटला तसा तो थोडा ताठ झाला, आणि सगळे त्रिकोण बसल्यावर एका हातानं उचलला तरी हलेना.

खळ तुम्ही आमच्याच चुलीवर करायला लावलीत, आईकडून. गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मोरचूद, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. आई वर्षभरानं त्या चुलीपुढे इतका वेळ बसली. मला तेव्हा उमगलं नाही, आता उमगतंय, की खळ तुमच्या घरीही झाली असती.

घोटीव कागद आणायला आम्ही कुडाळला गेलो, आणि येताना मी पोरांना पिंगुळीला नेलं. आपल्या घरापासून इतकं जवळ, पण मी स्वतः लहानपणीच एकदा गेले होते. ठाकर समाजाच्या चित्रकथीचे, चित्रं दाखवत गोष्ट सांगायचे, कागद पाहिले, कळसूत्री बाहुल्या पाहिल्या, आणि चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ते ज्या कलेसाठी, ती पोरांनी डोळ्यांनी बघितली. चामड्याच्या बाहुलीमागे दिवा धरला की रंग बदलतो. हातात तपकिरी वाटणारा भाग उजेडात लाल होतो. लेक ते बघून गप्प झाली होती. घरी आल्यावर तिनं आणलेला एकेक कागद दिव्यासमोर धरला. निळा हातात सुंदर दिसत होता, उजेडात काळवंडला. तो तिनं बाजूला काढला आणि पिवळा चौकोनांना, लाल त्रिकोणांना असं ठरवलं. तुम्ही तिला विचारलंत, "ह्यां खंय शिकलंस?" आणि तिनं पिंगुळीचं सांगितल्यावर तुम्ही जो हसलात, तसं हसताना मी तुम्हाला क्वचित बघितलंय.

कागद लावणं सगळ्यात नाजूक. मी तो ताणून लावायला गेले आणि पहिलाच फाटला. तुम्ही म्हणालात, "ओढू नको. सुकलो काय आपणाच ताणता." खळीच्या ओलाव्यानं कागद सैल पडतो, सुरकुततो, वाटतं की बिघडला. दुपारी जेवून आलो तर तोच कागद ढोलकीसारखा ताणलेला. मुलानं टिचकी मारली, टण्ण वाजला. ती टिचकी त्यानं संध्याकाळपर्यंत मारली आणि तुम्ही त्याला एकदाही रागावला नाहीत.

आता करंज्यांचं. कागदाच्या पट्टीला कात्रीनं काप द्यायचे, दुमडायचं, आणि कडेकडेनं ती फुगीर झालर चिकटवायची. काम बारीक आणि वेळखाऊ. मी सुरुवात केली होती. आई आत माजघरात होती. तुम्ही उंबऱ्यापाशी जाऊन हाक मारलीत, "वैनी, करंजे कोण करतलो?" आत बराच वेळ काही आवाज नाही. मग आई आली, पदर खोचला, माझ्या हातातली कात्री घेतली आणि म्हणाली, "हे दर वर्षी मीच करते. ह्यांना जमायच्या नाहीत." वर्षभरात आई बाबांविषयी बोलायची ती औषधांचं, दवाखान्याचं, शेवटच्या दिवसांचं. त्या दुपारी तिनं सांगितलं की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाबांनी कंदिलाला एवढ्या लांब शेपट्या लावल्या की दारात शिरताना सासऱ्यांच्या डोळ्यांवर यायच्या. ती हसली, आबा. आम्ही सगळे हसलो. मी मान खाली घालून शेपट्या कापत राहिले.

चावदिवसाला, नरकचतुर्दशीला, पहाटे तो कंदील लागला. पोरांनी तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, "गोविंदा" म्हणून ओरडली, कडू थेंब जिभेला लावून तोंडं वाकडी केली. तुमच्या घरून नव्या भाताचे पोहे आले, आईनं गुळाचे केले, ताकातले केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली. तुम्ही खळ्यात उभं राहून एकदा वर बघितलंत. वरच्या चौकोनाकडे बघितलंत, हे मी पाहिलं. मग म्हणालात, "बरो झालो," आणि शेतावर गेलात.

हे सगळं मी तुम्हाला कशाला सांगते, तुम्ही तिथेच होता. पण एक गोष्ट मला नंतर कळली, आणि खरं तर या पत्राचं कारण तीच आहे.

परतायच्या आदल्या रात्री मी आईला म्हटलं, बरं झालं आबांकडे कामट्या तयार होत्या. आई म्हणाली, "तयार कुठल्या? पितृपक्षात तोडल्यान् त्यांनी काठी. काळोखात तोडलेल्या काठीला भुंगा लागत नाही म्हणतात ना. मग दोन आठवडे व्हाळात दगडाखाली बुडवून ठेवली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, कंदिलाक."

बांबूतली साखर आणि पिठूळपणा वाहत्या पाण्यात निघून जातो आणि मग भुंग्याला त्यात खायला काही उरत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पितृपक्षात, आबा, आमचं यायचंही ठरलेलं नव्हतं. आरक्षण मी घटस्थापनेनंतर केलं. बाबांचा सांगाडा पोखरला गेलाय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही आलो नसतो तर तुम्ही काय केलं असतंत? आईला विचारलं. ती म्हणाली, "मला बसवलं असतं बांधायला. दुसरं काय."

भात उभं होतं, तुमच्या गुडघ्याचं दुखणं आहे, व्हाळाची उतरण किती निसरडी असते ते मी जाणते. शेजारच्या बंद पडत चाललेल्या पडवीत एक दिवा लागावा म्हणून तुम्ही त्या उतरणीवरून काठ्या नेल्यात, आणल्यात, सोललीत, वाळवलीत, आणि दोन दिवस आमच्यासोबत बसूनही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. तुम्हाला कंदील करून देता आला असता, एका सकाळचं काम. तुम्ही तो आमच्याकडून करून घेतलात. पोरांकडून, माझ्याकडून आणि सगळ्यात जास्त आईकडून. यासाठी आभार हा शब्द फार लहान आहे, पण माझ्याजवळ तोच आहे. मनापासून आभार, आबा.

काल आईचा फोन आला होता. वाऱ्यानं दोन शेपट्या फाटल्या, तिनंच खळ करून नव्या लावल्या. रोज तिन्हीसांजेला दिवा लावते. तुळशीचं लग्न झालं की कागद काढून सांगाडा चुलीच्या वर टांगायला तिला सांगितलंय, आणि चूल आठवड्यातून एकदा तरी पेटवायलाही. लेकीनं तिच्या वर्गातल्या मुलींना २४ काड्यांचं गणित फळ्यावर काढून दाखवलं. मुलगा विचारतो, आबांना टिचकीचा आवाज आठवत असेल का.

पुढच्या दिवाळीची रजा मी आत्ताच मागून ठेवली आहे. पिवळा घोटीव कागद इथून आणीन, तिथला पातळ निघाला. आणखी काय आणायचं ते वहिनीला सांगून ठेवा. आणि पुढच्या वर्षी व्हाळावर काठ्या टाकायला एकटे जाऊ नका, पितृपक्षात एक रविवार धरून मी येते.

काकींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत चला.

तुमची,
शेजारच्या घरातली थोरली