पिंगचे उत्तर म्हणजे पोर्टचे उत्तर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी संगणकीय सेवा अधूनमधून बंद पडते अशी तक्रार आली, की 'सर्व्हर पिंगला (यंत्र पोहोचण्याजोगे आहे का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर देतो आहे' असे सांगून ती निकाली काढली जाते. अनेक वर्षे सर्व्हर सांभाळल्यामुळे या उत्तरातील चूक मांडणे मला आवश्यक वाटते. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेले पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर (यंत्रांमधील संवादाच्या नियमांवर) चालते आणि त्यात पोर्ट, म्हणजे यंत्रावरील एखाद्या सेवेचे क्रमांकाने ओळखले जाणारे दार, ही कल्पनाच नाही. त्यामुळे यंत्र पोहोचण्याजोगे आहे एवढेच कळते, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर वेब सर्व्हर जोडण्या स्वीकारतो आहे की नाही, हे कळत नाही.

त्यासाठी नेटकॅट ही आज्ञा आहे. त्याला 'झेड' हा पर्याय दिला, की ते काहीही माहिती न पाठवता केवळ टीसीपी (आधी जोडणी करून मग माहिती पाठवणारा प्रोटोकॉल) जोडणी होते का ते पाहते, आणि 'डब्ल्यू' पर्यायाने किती सेकंद थांबायचे ते ठरवता येते. विंडोजवर पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या साधनातील टेस्ट-नेटकनेक्शन हेच काम करते. मात्र काही सेकंदांपुरता येणारा दोष एकदाच तपासून सापडत नाही. म्हणून ही आज्ञा व्हाइल लूपमध्ये (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत) घालून, दोन प्रयत्नांमध्ये स्लीप या आज्ञेने थोडे थांबून, प्रत्येक निकालासोबत वेळ नोंदवावी. वेळेविना केलेली नोंद सर्व्हरच्या लॉगशी (त्यावरील घटनांच्या नोंदवहीशी) ताडून पाहता येत नाही, आणि खरा उपयोग तर तिथेच असतो.

निकालाचे शब्दही नीट वाचायला हवेत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर बहुधा पलीकडच्या यंत्राने स्वतः नकार कळवलेला असतो, म्हणजे वाट मोकळी असून पोर्टवर कोणी ऐकत नसते. 'टाइम्ड आउट' आले तर उत्तरच आलेले नसते, आणि संशय फायरवॉलवर (नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेवर) किंवा मार्गावर घ्यावा लागतो. मी काम करत होतो त्या एका ठिकाणी नेटवर्कला दोष देण्यात दोन दिवस गेले. रात्रभराच्या नोंदीत मात्र ठरावीक वेळाने काही सेकंद सलग 'रिफ्यूज्ड' दिसले, तेव्हा सेवाच पुन्हा पुन्हा सुरू होत असल्याचे उघड झाले.

या तपासणीला मर्यादा आहेत. टीसीपीची जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमच पूर्ण करते, त्यामुळे अडकून पडलेल्या प्रोग्रामचे पोर्टही काही काळ उघडे दिसू शकते. यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये तर जोडणीच नसल्याने नेटकॅटच्या होकारावर विसंबता येत नाही. तरीही, तक्रार बंद करण्यापूर्वी संबंधित पोर्टची किमान एका दिवसाची वेळेसह नोंद तक्रारदाराला दाखवावी, अशी सेवा पुरवणाऱ्या सर्वांना माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक