मत जरूर मांडा, मुलीचा पत्ता कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकपत्रांत आंतरधर्मीय लग्नांवरून वाद चालू आहे. मुलामुलींच्या लग्नाला आईवडिलांची लेखी संमती सक्तीची करा, असे एका वाचकाने लिहिले. त्यावर दुसऱ्या वाचकाने, असली पत्रे छापूच नका, असे आपल्याला बजावले. मला दोघांचेही म्हणणे पटलेले नाही. का, ते सांगण्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. तिने आणि तिच्या मित्राने लग्न करायचे ठरवले. दोघे सज्ञान, दोघे कमावते, धर्म वेगवेगळे. कुणीही धर्म बदलायचा नाही, हेही ठरलेले. अशांसाठी आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि ३० दिवस थांबावे लागते. एवढे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे की, दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते.

भाचीचा कायमचा पत्ता सातारा जिल्ह्यातला. प्रत तिकडे गेली आणि चौथ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर त्या प्रतीचा फोटो काढला. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, सगळे त्यात स्पष्ट. संध्याकाळी तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. रात्रीपर्यंत तिथे धर्म, राजकारण, संस्कार, मुलींचे शिक्षण अशा सगळ्यावर चर्चा झाली आणि त्या सगळ्याच्या वर माझ्या भाचीच्या खोलीचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी डेअरीत दूध घालायला गेले, तर रांगेतल्या दोघांनी कॅन हातात असतानाच त्यांना जाब विचारला. माझी बहीण आठ दिवस घराबाहेर पडली नाही. भाचीने खोली सोडली आणि लग्नापर्यंत मैत्रिणीकडे राहिली.

भाच्याने ग्रुप चालवणाऱ्याला फोटो काढून टाकायची विनंती केली. उत्तर आले, ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. आणि कागद सरकारी आहे, कुणीही बघू शकतो.’

यातले दुसरे वाक्य खरे आहे, हेच मला सर्वांत जास्त लागले. नोटिशींची नोंदवही कुणालाही विनाशुल्क पाहता येते, असे कायद्यातच लिहिले आहे. हरकत मात्र मोजक्याच कारणांवर घेता येते. आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांची झालेली नाही, संमती देण्याइतकी मनाची अवस्था नाही, नाते निषिद्ध आहे, अशी ती कारणे. ‘आम्हाला पसंत नाही’ हे कारण त्यात कुठेच नाही. मग ज्यांच्या हरकतीला कायद्याच्या लेखी किंमत नाही, त्यांच्यासाठी महिनाभर हा कागद भिंतीवर का? हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करून नोंदणी करणाऱ्या जोडप्याला अशी आगाऊ नोटीस लावावी लागत नाही. वयाचे, आधीच्या लग्नाचे पुरावे कार्यालय कागदपत्रांवरून तपासतेच. फलकाने त्यात भर पडते ती फक्त बघ्यांची.

संमती सक्तीची करा म्हणणाऱ्या वाचकाला इतकेच सांगते की, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात हा प्रश्न निकालात काढला आहे. दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवले की कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही. तरीही त्यांचे पत्र आपण छापलेत, हे योग्य केलेत. कायदा बदला असे म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मीही तेच म्हणते आहे, फक्त उलट्या बाजूने.

भाऊजींचा राग अजून गेलेला नाही. असले लिहिणाऱ्यांना आत टाकणारा कायदा हवा, असे ते म्हणतात. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हणाले असते. पण असा कायदा आपल्याकडे होता आणि तो कुणावर चालला हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, एवढे एका मुलीने फेसबुकवर विचारले. दुसरीने ते नुसते लाइक केले. पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तोंड बंद करणारा कायदा आला की त्याचा पहिला दणका अशाच मुलींना बसतो. म्हणून ग्रुपवर ज्यांनी आमच्या संस्कारांवर वाट्टेल ते लिहिले, त्यांना शिक्षा व्हावी असे मी म्हणत नाही. त्यांचे लिहिणे मला घाणेरडे वाटते. पण ते मत आहे. खोलीचा पत्ता हे मत नाही, आणि तो काढायला सांगणे ही मुस्कटदाबी नाही.

लग्नावरचा वाद आपल्याला नवा नाही, वर्तमानपत्रांना तर मुळीच नाही. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईने नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले आणि दादाजी भिकाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलानंतर तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये तिला सांगण्यात आले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ने तिच्यावर टीकेची झोड उठवली. सुधारकांची बाजू घेणाऱ्या आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. आज मला ‘केसरी’ची ती भूमिका चुकीची वाटते, पण टिळकांना ते लिहू द्यायला नको होते असे कधीच वाटले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती रखमाबाईची पत्रे. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर तिने लिहिले, ते ‘अ हिंदू लेडी’ या नावाने. त्या संपादकाने खरे नाव छापायचा हट्ट धरला असता तर ती पत्रे बहुधा आलीच नसती. नाव लावून बोलायची हिंमत दाखवा, असे आजही ऐकू येते. ज्याच्या दारावर कुणी येणार नाही, त्याला ते म्हणणे सोपे आहे. पुढे ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले.

आपल्याला माझी विनंती अशी की, हा वाद बंद करू नका. संमतीवाल्यांची पत्रे छापा, माझेही छापा. जोडीने एक मागणी लावून धरा: विशेष विवाह कायद्यातली नोटीस भिंतीवर आणि नोंदवहीत जगाला दाखवणे थांबवावे. आमच्या खासदारांना मी याबद्दल स्वतंत्र पत्र पाठवले आहे.

तिसाव्या दिवसानंतर भाचीचे लग्न झाले. कायद्याने तीन साक्षीदार लागतात. दोघे तिच्या कार्यालयातले होते, तिसरी सही माझी. ती मी पूर्ण नावानिशी केली. इथे मात्र नाव छापू नये, कारण माझ्या आडनावावरून गावात बहिणीचे घर ओळखू येते.

आपली,
एक वाचक, सातारा