आप्पांचं बँक स्टेटमेंट पगारदारासारखं दिसणार नाही, साहेब

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय, स. न. वि. वि.

चोपड्याला एसटी स्टँडजवळ माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, रेल्वेची तिकिटं आणि पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म. पूर्वी व्हिसासाठी वर्षाकाठी एखादा माणूस यायचा. आता पोरं-पोरी युरोपात नोकरीला लागल्यात, त्यामुळे आईबाप 'एकदा पाहून येऊ' म्हणत काउंटरशी उभे राहतात. यंदा त्यातल्या एका जोडप्याचा व्हिसा नाकारला गेला. माझ्या हातची फाइल होती, म्हणून हे पत्र.

आप्पा केळीवाले. अकरा एकर बागायत, अर्धी मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी), अर्धी कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली केळी). लेक शेंगेन गटातल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एका देशात आहे, तिच्याकडे तीन आठवडे जायचं होतं. कागद मी यादी समोर ठेवूनच जमवले. परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, ३० हजार युरोंचा प्रवास विमा, लेकीचं निमंत्रण, सगळं होतं. मग यादीतल्या पुढच्या ओळी आल्या: पगाराच्या स्लिपा, मालकाचं रजेचं पत्र, तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे आयकर विवरणपत्रं. आप्पांना रजा कोण देणार? आणि आयटीआर कुठून आणायचा? शेतीचं उत्पन्न आपल्याच कायद्याने करमुक्त आहे. आप्पा कर चुकवत नाहीत, त्यांना तो लागतच नाही. पण हे फाइलमध्ये सांगायला जागा नसते. मी सातबारा काढला, इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं, कव्हर लेटरमध्ये चार ओळी लिहिल्या.

राहिलं बँक स्टेटमेंट. साहेब, केळीवाल्याचं पासबुक तुम्ही कधी पाहिलंय का? सात-आठ महिने खात्यात आठ-दहा हजारांच्या वर काही नसतं. खत, ठिबक, मजुरी, सगळं बाहेर जातं. मग माल कापला की पंधरा दिवसांत व्यापाऱ्याचे चार-पाच लाख येतात. मार्चमध्ये आणखी एक गंमत होते. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं, म्हणून भावकीतून तीन लाख उसने आणून भरायचे, आठवड्याने नवं कर्ज मंजूर झालं की उचलून परत द्यायचे. आमच्या गावात बँकेच्या शिपायालाही हे माहीत आहे. मुंबईत बसलेल्या परदेशी अधिकाऱ्याला मात्र तीन लाख अचानक आले नि आठवड्यात गेले, एवढंच दिसतं. त्यालाही काय दोष द्यायचा? खोटी स्टेटमेंट आणि डमी तिकिटं लावणारे एजंट आमच्याच धंद्यात बसलेत, हे मला नाकारता येत नाही.

नकाराचा कागद छापील असतो, कारणांपुढे फक्त खूण करतात. आप्पांच्या कागदावर खूण होती ती मुदतीत मायदेशी परतण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका असल्याच्या कारणापुढे. मी मराठीत समजावून सांगितलं. आप्पा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मन्हं वावर सोडीसन मी तठे काय करसू, भाऊ?"

फी माणशी ९० युरो, दोघांची १८०. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार मिळाला तरी यातलं काही परत येत नाही.

आणि त्याआधीची मुंबईची खेप. चोपड्याला रेल्वे नाही. एसटीने जळगाव, तिथून रात्रीची गाडी, सकाळी मुंबईत उतरून सार्वजनिक संडासात तोंड धुऊन व्हिसा केंद्र. कशासाठी, तर दहा बोटांचे ठसे आणि एक फोटो. आप्पांची बोटं चिकाने काळी पडलेली, टोकं घासून गुळगुळीत झालेली. मशीन घेईना. काकूंनी पदर ओला करून दिला, बोटं पुसली, तेव्हा पाचव्यांदा ठसे उमटले. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात म्हणे. पण नकारानंतर तेवढ्यानेच काम भागत नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे आमच्या जळगाव स्टेशनावर उतरतात. त्यातल्या बहुतेकांना आपण घरबसल्या ई-व्हिसा देतो. २०१४ पासून ही सोय आहे. फोटो आणि पासपोर्टचं पान अपलोड केलं की झालं, बोटांचे ठसे इथे विमानतळावर घेतात. त्यांच्या बापाच्या खात्यात मार्चमध्ये किती पैसे होते, हे आपण विचारत नाही. विचारावं असं माझं म्हणणं नाही. पाहुणा आला तर आमच्याच केळी खातो.

कुणाला आत घ्यायचं हा त्या त्या देशाचा हक्क आहे, तिथे तुमचाही हुकूम चालत नाही हे मला कळतं. पण बोलणी चालतात. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केला: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, पुढे पाच वर्षांचा. चांगलंच आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना त्याचा फायदा झालाही असेल. पण ज्याचा पहिलाच व्हिसा अडलाय, तो त्या पायरीपर्यंत पोचणार कसा? मलेशियाने तर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांचा व्हिसाच माफ केला. आमचे लोक तिकडे ग्रुपने जाऊन आले. पण आप्पांची लेक मलेशियात नाही.

तर मागणं दोनच. एक, शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा एक ठरावीक नमुना राज्य सरकारांशी बोलून ठरवा. तहसीलदाराच्या सहीचा, मराठी नि इंग्रजी दोन्हीत. त्यात क्षेत्र, पीक, सरासरी उत्पन्न, पीककर्ज, आणि 'हे उत्पन्न भारतात करमुक्त आहे' हे एक वाक्य. मग तो नमुना दिल्लीतल्या दूतावासांना तुमच्या मंत्रालयाकडून जाऊ द्या. माझ्या कव्हर लेटरला कोण विचारतं? तुमच्या पत्राला विचारतील.

दुसरं, ठशांचं. पासपोर्टसाठीही पूर्वी असेच लांब जावं लागे. २०१७ पासून तुमच्याच मंत्रालयाने पोस्टात पासपोर्ट केंद्रं उघडली आणि आमचं ते काम जळगावात व्हायला लागलं. त्याच धर्तीवर महिन्यातून दोन दिवस जळगावला ठशांचं शिबिर लागावं, एवढा विषय त्या देशांपुढे काढा. यंत्र एका पेटीत मावतं, मी मुंबईत पाहिलंय.

आप्पांची फाइल पुन्हा लावतोय. कांदेबागेचा माल निघाला की खात्यात पैसे येतील. ते अचानक का आले, हे या वेळी दोन पानी लिहून जोडणार आहे, सोबत व्यापाऱ्याच्या काट्याच्या पावत्या. मार्चच्या आत झालं तर बरं, नाहीतर पुन्हा नवं-जुनं आडवं येईल.

कळावे,
आपला,
चोपड्याचा एक फॉर्मवाला
(जि. जळगाव)