तीन बर्थ की चार

सातारा,
११ जानेवारी

प्रिय संज्या,

दीड वर्ष झालं, ना फोन ना पत्र. तुझ्या दिवाळीच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला, तेवढंच आपलं बोलणं. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. दुसऱ्या कुणाला लिहिता येण्यासारखं नाही.

इकडे बरं आहे. माझी साखर काठावर, गोळी चालू. सुनीताचा गुडघा होता तसाच. अण्णांना सत्त्याहत्तर पूर्ण झाली.

आणि विषय अण्णांचाच आहे. दारामागच्या खिळ्यावरची ती लोखंडी कडी आठवते ना, जिने आपण बदाम फोडायचो आणि बोलणी खायचो? झोजीला खिंडीच्या बर्फात तुटलेल्या टायरच्या साखळीतली. गेल्या रविवारी त्यांनी ती खिळ्यावरून काढली, बोटभर खोबरेल घेऊन पुसली, परत टांगली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकदा लेहला ने."

संज्या, माझ्या हातातला चहा थंड होईपर्यंत मी काही बोललोच नाही.

ताई लगेच म्हणाली, ने चार दिवस, इच्छा राहायला नको. तिने कुठल्याशा ट्रॅव्हलवाल्याचा कागदही मागवला. चार रात्री, पाच दिवस. मी पैसे भरायलाच बसलो होतो. कागदावर होतं: दिवस पहिला, लेहला आगमन, संध्याकाळी शांतिस्तूप. दिवस दुसरा, खार्दुंगला खिंड. तिथे माझा हात थांबला. तो दुसरा दिवस तुला मी नव्याने काय सांगू.

घरात सगळ्यांना वाटतंय, मी खर्चाला भितोय. सुनीतालाही तेच वाटतं. कारण २०१३ ची खरी गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. परत आल्यावर कट्ट्यावर मी काय सांगितलं होतं? "संज्याला सर्दी झाली, ट्रिप फसली." तू शेजारी बसून होतास. चहा ढवळत राहिलास, एक शब्द बोलला नाहीस. सकाळपासून तुझं डोकं दुखत होतं, आज नको असं तू तीनदा म्हणालास आणि मी म्हणालो, सिंहगड पळत चढतोस आणि इथे डोकं धरून काय बसतोस, पाणी पी आणि बस मागे. सिंहगड तेराशे मीटर. त्या बुलेटवरून मी तुला चोवीस तासांत पाच हजार तीनशेवर नेलं. वर पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं, तिच्याखाली उभं करून फोटो काढला. ती पाटीही फुगवलेली, खरी उंची १७,५८२ फूट आहे. त्या फोटोत तुझे ओठ निळे दिसतात. मी तो फोटो कुणाला दाखवत नाही.

रात्री तू घोरतोयस असंच मला वाटलं. तुझं घोरणं म्हणजे काय, वारीच्या वेळी आळंदीत अर्धी धर्मशाळा तुझ्यामुळे उठून बसली होती. म्हणून मी उशी कानावर घेऊन झोपलो. उठलो तेव्हा तो आवाज वेगळा होता, हुक्का ओढावा तसा, आणि तुझ्या उशीवर गुलाबी फेस. माझं प्रीपेड कार्ड तिथे चालत नव्हतं. आमा-ले, आपल्या घरमालकीणबाई, उठल्या, त्यांच्या पोराने जिप्सी काढली म्हणून. इस्पितळात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तर एकसष्ट. सकाळच्या विमानाने ऑक्सिजनसकट तुला खाली आणलं. त्या विमानात तू मला काय म्हणालास ते आठवतं? "काकूंचे लाडू खोलीवरच राहिले." डिंकाचे होते. आमा-लेंनी खाल्ले असतील अशी आशा आहे.

हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझं चुकलं, संज्या. तुझी तब्येत कच्ची नव्हती, मी घाई केली.

आता ती घाई अण्णांच्या बाबतीत करायची नाही. गेले आठ दिवस रात्री जेवण झालं की वही घेऊन बसतो. तीन बेत आखलेत, चार दिवसांचा, आठ दिवसांचा आणि चौदा दिवसांचा.

चार दिवसांचा बेत प्रामाणिकपणे आखायचा तर तो असा. पहाटेचं दिल्लीहून विमान, सकाळी लेह. तो विमानतळच ३,२५६ मीटरवर आणि गाव त्याहून वर, साडेतीन हजारांपर्यंत. तिथे एका श्वासात आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. म्हणजे पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, पाणी प्यायचं, दुसऱ्या संध्याकाळी फार तर बाजारापर्यंत जायचं. पदपथावर बसून भाजी विकणाऱ्या बायका बघायच्या, खंबीर, म्हणजे तिकडची जाड रोटी, आणि चहा घ्यायचा. तिसऱ्या दिवशी निमूला सिंधू-झंस्कारचा संगम, वाटेत पत्थरसाहिब गुरुद्वारा. चौथ्या दिवशी परत. यात काही वाईट नाही. पण यात खिंड नाही, सरोवर नाही. ताई म्हणते, मग एवढं विमानभाडं कशाला घालायचं? तोच कागदवाला याच चार दिवसांत नुब्रा खोरं आणि पँगाँग सरोवर दोन्ही घालून देतो, आणि लोक जातातही. पुष्कळ जण नुसत्या डोकेदुखीवर सुटतातही. आपण सुटलो नाही.

आठ दिवसांत जरा ऐसपैस होतं. दोन दिवस आराम, तिसऱ्या दिवशी उतारावर अल्चीला जायचं. तिथल्या भिंतींवरची चित्रं आठ-नऊशे वर्षांपूर्वीची आहेत आणि गाव लेहपेक्षा खाली आहे. मग शे, ठिकसे, हेमिस हे मठ. पाचव्या दिवशी खार्दुंगला ओलांडायची, पण वर थांबायचं नाही, थेट नुब्रातल्या हुंदरला उतरायचं. हुंदर तीन हजारांच्या थोडं वर, म्हणजे झोपायला लेहपेक्षा बरं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खिंड किती उंच यापेक्षा रात्री डोकं कुठल्या उंचीवर टेकतं, त्याला महत्त्व आहे. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसता मुक्काम करायचा, असं डॉक्टर सांगतात. म्हणून पँगाँगला मी काट मारली. सव्वाचार हजारांवर तंबूत अण्णांना झोपवायचं धाडस माझ्यात नाही. तळं कितीही निळं असू दे.

हा बेत मला पसंत होता. काल संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवला. ते चष्मा काढून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण यात रस्ता कुठाय?"

मग ते बोलायला लागले, संज्या. दहा वर्षांत एवढं बोलले नव्हते. १९७२ ते ७५, श्रीनगर ते लेह, लष्करी शक्तिमान ट्रक. हिवाळ्यात झोजीला बंद झाली की पलीकडे सहा-सहा महिने काही जात नसे, म्हणून उन्हाळाभर माल ओढायचा. पीठ, डाळ, कांदे, रॉकेल. खिंडीत एका वेळी एकाच बाजूची वाहतूक, गेट उघडेपर्यंत रांगेत थांबायचं. पुढच्या गाडीचा मागचा दिवा सोडायचा नाही, एवढाच नियम. द्रासला रात्री डिझेल गोठायचं, तर टाकीखाली जाळ करायचे. आणि एवढं सगळं करून लेह गाव त्यांनी नीट पाहिलेलंच नाही! माल उतरवायचा, झोपायचं, सकाळी गाडी परत. राजवाडा खालून बघितलाय, म्हणाले, नऊ मजले मोजले होते.

म्हणजे चौदा दिवस. पुण्याहून झेलमने जम्मू, तशीच, जशी ते सुट्टीवरून परतताना जायचे. आता कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे आहे, २०२५ च्या जूनपासून. अण्णांना ते खरंच वाटेना. श्रीनगरला दोन रात्री, सोनमर्गला एक. मग झोजीला, ३,५२८ मीटर, पण त्याच दिवशी उतरून कारगिल, २,६७६. कारगिलला दोन रात्री. द्रासचं युद्धस्मारक वाटेत बघायचं, मुक्काम मात्र करायचा नाही. पुढे फोटुला खिंड, ४,१०८, या रस्त्यावरची सगळ्यांत उंच जागा, दिवसाउजेडी ओलांडायची, लामायुरूला चहा घ्यायचा आणि अल्चीला झोपायचं. दहाव्या दिवशी लेह. तोवर अंगाला हवा ओळखीची झालेली असेल. तिथे चार दिवस काही करायचं नाही. राजवाडा आतून बघायचा. परत विमानाने.

कागदावर हे किती छान दिसतं बघ. पण रात्री दोनला जाग येते आणि मला कारगिल ते अल्ची हाच दिवस दिसतो. आजूबाजूला एक झाड नाही, दवाखाना तासन् तास लांब, आणि गाडीत मागे अण्णा. विमानाने नेलं तर धोका पहिल्या दोन दिवसांत, पण दवाखाना हाताशी. रस्त्याने नेलं तर धोका कमी, पण तो रस्त्यातच गाठणार. डॉक्टर म्हणाले, छाती वयाच्या मानाने ठीक आहे, हळूहळू चढा. सोबत डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची गोळी, लिहून दिलंय. वहिनींना विचार ना, अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते चालतं का, आणि त्यांना सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री कशी करायची. दुसरं मत हवंय, आणि वहिनी स्पष्ट बोलतात.

कोविडपासून अण्णा रोज सकाळी बोटाला तो चिमटा लावतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात. शहाण्णव, पंचाण्णव, सत्त्याण्णव. आज मी त्या आकड्यांसमोर उभा होतो आणि मला तुझा एकसष्टच दिसत होता.

तुझं घर झालं का राहायला जाण्याजोगं? मुक्ताची बारावी म्हणजे ताण असेल, तिला माझ्याकडून एवढंच सांग की झोप पुरी घे. काकूंना नमस्कार. नागपूरची संत्री पाठवायची धमकी तू तीन वर्षं देतोयस.

आता खरं मागणं. तुला एकदा फुप्फुसात पाणी झालंय, पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून लेहला चल असं मी म्हणणार नाही. पण कारगिल तीन हजारांच्या खाली आहे. मध्ये झोजीलाचे तेवढे काही तास. तुझ्या डॉक्टरांनी आणि वहिनींनी हो म्हटलं तर कारगिलपर्यंत ये. दोन रात्री तिथे राहू. मग तू श्रीनगरला उतर, आम्ही पुढे जाऊ. अण्णांची नजर त्यांच्या रस्त्यावर असेल, मला त्यांच्याकडे बघायला अजून एक माणूस हवा, आणि श्वासाचा तो आवाज ओळखणारं आपल्यात दुसरं कुणी नाही. नाही म्हणालास तरी मला समजेल, मनापासून.

अण्णांना विचारलं, संज्याला बोलावू का. म्हणाले, "त्याला त्या वेळी काय झालं होतं रे?" मी त्यांना सगळं सांगितलं. सर्दीची गोष्टही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गेटवर थांबायला शिकवलं नाही तुला मी."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं ठरतंय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला सकाळी आठला तयार बसायला हवं. सुनीता येतेय. तीन बर्थ काढू की चार, एवढं मार्चअखेर कळव.

तुझा,
बाळ्या

ता.क. चार झाले तर खालचा बर्थ अण्णांचा, आणि तू वरच्यावर. घोरलास तरी या वेळी मी उठून बघणार आहे.