पाणी, सातू आणि माझी माइल्ड

बर्मिंगहॅम

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी घरी बिअर करते हे मावशीकडून तुमच्या कानावर गेलं, आणि परवा फोनवर आई नेहमीपेक्षा कमी बोलली. बाबांनी तर पावसापाण्यापलीकडे विषयच जाऊ दिला नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

ही हातभट्टी नव्हे. मी काही गाळत नाही. त्याला इथेही परवाना लागतो. बिअर मात्र घरच्यापुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकायची नाही एवढंच. मी दोनच जुन्या प्रकारच्या करते, फिक्या रंगाची, कडवट पेल एल आणि काळसर, हलकी माइल्ड. माझ्या माइल्डमध्ये अल्कोहोल साडेतीन टक्क्यांच्या आत असतं. आम्ही दोघं जेवताना थोडी घेतो, बाकीची शेजारीपाजारी जाते.

आई, यातलं मुख्य काम तुझ्या ओळखीचं आहे. तू नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व करायचीस ना, तसंच इथे सातूचं, म्हणजे बार्लीचं करतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात. भरडलेलं माल्ट ६६-६७ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचं. आधी सगळं पांढुरकं, पिठूळ दिसतं. मग हळूहळू पाणी नितळतं, मधाच्या रंगावर येतं, आणि बोट बुडवून चाखलं तर गोड लागतं. आयोडीनचा थेंब टाकून मी खात्री करते. निळंकाळं झालं तर पीठ अजून उरलंय. माइल्डसाठी तापमान दोन अंश वर ठेवते, म्हणजे न आंबणारी साखर जास्त राहते आणि इतकी हलकी असूनही ती पाणचट लागत नाही. पुढे हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, निववायचं आणि यीस्ट घालायचं. मध्ययुगात इंग्लंडमध्ये घरोघरी हे काम बहुतेक बायकाच करत, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

बाबा, पाण्याचं तुम्हाला सांगायचंय. उभं आयुष्य पाणीपुरवठ्यात काढलंत, तुम्हाला ते माझ्याहून जास्त कळेल. आमच्या नळाचं पाणी वेल्समधल्या एलन खोऱ्यातल्या धरणांतून येतं. १९०४ पासून, ११८ किलोमीटर, नुसत्या उतारावर, वाटेत एकही पंप नाही! उतार किती, तर सरासरी २,३०० ला १. पाणी इतकं मऊ की किटलीत क्षार धरत नाही.

आणि इथून चाळीसेक किलोमीटरवर, ट्रेंट नदीकाठी, बर्टन हे बिअरसाठी नावाजलेलं गाव आहे. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून झिरपत येतं, त्यामुळे त्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. त्या पाण्यात बिअर फिक्या रंगाची उतरते आणि हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, कोरडा लागतो. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बास या बिअर कारखान्यांनी हिंदुस्थानला पेल एल पाठवायला सुरुवात केली. आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून, महिनोन् महिने जहाजात, कलकत्त्याला आणि आपल्या मुंबईलाही. मग तशी बिअर करायला दुसऱ्या गावचे लोक आपापल्या पाण्यात जिप्सम घालू लागले. मीही घालते, २५ लिटरला दहा ग्रॅम. आपल्याकडे चोपण जमिनीत टाकतात तेच, फक्त खाण्यायोग्य प्रतीचं. माइल्डला मात्र जिप्सम सोसत नाही. तिला कॅल्शियम क्लोराइड घातलं की चव गोलसर होते.

माझा जीव जडलाय तो माइल्डवरच. आमच्या पश्चिमेला ब्लॅक कंट्री, म्हणजे कोळशाच्या खाणींचा आणि ओतशाळांचा मुलूख. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळलेल्या माणसाने तहान भागेपर्यंत प्यावी आणि धड घरी चालत जावं, अशी ही बिअर. पहिल्या महायुद्धात धान्य तुटलं, कर वाढला आणि ती हलकी झाली. पुढे कारखाने बंद पडत गेले, लोक बिटर आणि लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरकडे वळले. आता बऱ्याच पबमध्ये ती मिळतच नाही. शेजारच्या आजोबांनी तरुणपणी ओतशाळेत काम केलंय. माझी बाटली नेऊन दिली की ते आधी ग्लास खिडकीच्या उजेडात धरतात. काळीभोर दिसणारी माइल्ड कडेला माणिकरंगी चमकते. मग एक घोट घेऊन, माल्ट जरा जास्त भाजलंय की बरोबर आहे, ते सांगतात. त्यांच्या पिढीमागे ही चव ओळखणारं कोणी राहणार नाही, असं मला होऊ द्यायचं नाही. ज्या गावाने मला सामावून घेतलं, त्याचं एवढं तरी मी करावं, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही प्यावी असा माझा आग्रह नाही, कधीच नसेल. पण मे महिन्यात याल तेव्हा एक घाणा तुमच्यासमोर करीन. यीस्ट घालण्याआधीचं ते गोड पाणी आईने चाखावं, त्यात अल्कोहोल नसतं. आणि बाबांना एलनची धरणं दाखवायची आहेत. त्यासाठी दोन दिवस वेगळे काढावे लागतील, तेव्हा तिकिटं काढण्याआधी तारखा कळवा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का, तेही लिहा.

तुमची,
धाकटी