हीट पंप घेताय? आधी जागा, पाइप आणि बादल्या मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की निफाडचा पारा किती उतरला ही बातमी पेपरात ठरलेली असते आणि त्याच आठवड्यात आमच्या गंगापूर रोडकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर हीट पंपाची, म्हणजे अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या मशीनची, कोटेशनं फिरायला लागतात. गच्चीवरचे जुने सोलर वॉटर हीटर बोअरच्या पाण्यानं क्षार धरून बसलेत, पावसाळ्यात तर कोमट पाण्यावरच भागवायचं, म्हणून लोक तिकडं वळतायत, ते बरोबरच आहे. पण कोटेशन आलं की सगळे लिटर आणि किंमत एवढंच बघतात, आणि मशीन ठेवायचं कुठं, चालवायचं कधी, पाइप कसा न्यायचा हे टेम्पो गेटवर उभा राहिल्यावर सुचतं. त्यासाठी हे पत्र.

फ्रिज आतली उष्णता काढून मागं टाकतो, हे मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्याच्या टाकीत टाकतं, म्हणून एका युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता मिळू शकते, या पटीला सीओपी म्हणतात, इथं तो 3. 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला साध्या गिझरला जवळपास 7 युनिट लागतात, हीट पंपाचा सीओपी 3 धरला तर सव्वादोन-अडीच. महिन्याला 210 च्या जागी 70-75 युनिट, आणि महावितरणचे दराचे स्लॅब 100, 300, 500 युनिटांचे असल्यामुळं ज्यांचा वापर 300 युनिटांच्या वर जातो त्यांना फरक चांगलाच जाणवेल. पण हा सीओपी हवेवर ठरतो. डीलर बिनधास्त 4 सांगतो, तो कुठल्या हवेतला? जानेवारीत पहाटे 9-10 अंश असताना तो आकडा मिळायचा नाही.

आता यातली नाशिकसाठी चांगली गोष्ट अशी की पहाटे कितीही काकडलो तरी त्याच दिवशी दुपारी हवा 27-28 अंशांपर्यंत जाते, म्हणजे मशीन पहाटे लावायचंच कशाला, टायमर दुपारी बाराचा लावा, चार-पाच तासात टाकी तापते आणि टाकीचं पफ, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर, चांगलं असेल तर सकाळपर्यंत थोडेच अंश उतरतात. ज्यांनी छतावरच्या सोलर विजेच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांची सबसिडी घेऊन पॅनल बसवलेत त्यांची वीज तर तेव्हाच तयार होत असते. मात्र यासाठी टाकी मोठी हवी, कारण हे मशीन गिझरसारखं दहा मिनिटात पाणी देत नाही, सकाळी टाकी संपली तर पाहुण्यांना थांबावं लागेल. हिशोब बादल्यांनी करा, 50 अंशाच्या 200 लिटरमध्ये 20 अंशाचं गार पाणी मिसळलं की अंघोळीचं 300 लिटर होतं, 18 लिटरची बादली धरली तर 16 बादल्या. चार माणसांना भरपूर, पण घरात मोठा रेन शॉवर असेल आणि एखादं कॉलेजचं पोरगं असेल तर मग काही खरं नाही.

जागेचं बघा. कॉम्प्रेसर असल्यामुळं एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा आवाज येतो, बेडरूमच्या भिंतीला लावलं तर शेजारी भांडायला येणार. बंद डक्टमध्ये कोंबलं तर ते स्वतःच टाकलेली गार हवा परत ओढतं आणि सीओपी आणखी पडतो. भरलेली टाकी अडीचशे किलोच्या आसपास जाते, ड्राय बाल्कनीच्या स्लॅबला झेपेल का हे इंजिनिअरलाच विचारावं, प्लंबरला नाही. शिवाय हवेतला ओलावा गळतो, पावसाळ्यात जास्तच, त्याला ड्रेनचा पाइप हवा. वायरिंग सोपं असतं कारण कॉम्प्रेसर 500-700 वॅटच ओढतो, पण आत गिझरसारखी थेट विजेवर पाणी तापवणारी दीड-दोन किलोवॅटची बॅकअप कॉइल असते, तिच्यासाठी एमसीबी आणि अर्थिंग नीट हवं. ती कॉइल कायम चालू ठेवली तर मात्र घरात एक महागडा गिझरच आला म्हणायचं. महापालिकेच्या पाण्यात बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड लवकर झिजतो, तो कधी बदलायचा आणि कोण बदलणार हे आधीच लिहून घ्यावं.

खरी भांडणं सेंट्रल सिस्टीममध्ये होणार. गच्चीवर एक मोठा प्लांट, तिथून सगळ्या मजल्यांना पाइप, ऐकायला छान वाटतं. पण खालच्या मजल्याला गरम पाणी पोचेपर्यंत बादली-दीड बादली गार पाणी वाया जातं, ते टाळायला सर्क्युलेशन पंप लावला की पाइपातली उष्णता दिवसभर उडते, आणि बिल येतं कॉमन मीटरला. मग एकटे राहणारे आजोबा म्हणणार मी सहा माणसांच्या घराएवढे पैसे का देऊ, आणि त्यांचं चूक नाही. प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचं वेगळं मीटर नसेल तर या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा ज्याचं त्याचं छोटं मशीन बरं.

जाता जाता, 2027 च्या सिंहस्थासाठी पंचवटी आणि त्र्यंबक रोडला लॉज उभे राहतायत. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन ढगाळ दिवसात, तेव्हा फक्त सोलर वॉटर हीटरच्या भरवशावर गरम पाणी देणं अवघड आहे. ज्यांची बांधकामं चालू आहेत त्यांनी हीट पंपाची जागा, ड्रेन आणि इन्सुलेशनवाला पाइप आत्ताच ड्रॉइंगमध्ये घ्यावा, टाइल्स लागल्यावर फोडाफोडी करण्यात अर्थ नाही.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एवढंच मागणार आहे की डीलरनं सीओपी किती अंश हवेला आणि किती गरम पाण्याला धरलाय ते कोटेशनवर लिहून द्यावं, 10 अंशाचा आकडा वेगळा द्यावा, आणि देत नसेल तर दुसऱ्याकडून कोटेशन मागवावं.

आपला,
एक वाचक, नाशिक