व्हर्च्युअल मशीनचे घोडे कर्नलपाशी अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. जुना पण धडधाकट संगणक मोडीत काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालणे केव्हाही चांगले. पण एखादे विंडोजचे सॉफ्टवेअर सोडवत नाही, म्हणून व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे लिनक्सच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकात विंडोज बसवण्याचा, सल्ला मिळतो: ‘व्हर्च्युअलबॉक्सचे पॅकेज टाका, झाले.’ हा सल्ला अपुरा आहे. व्हर्च्युअलबॉक्स इतर प्रोग्रॅमसारखे वरवर बसत नाही. त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरतो आणि बहुतेक अडचणी तिथेच येतात.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे संगणक चालू होतानाच्या सेटिंगपासून, करावी. इंटेलच्या मशीनवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीच्या मशीनवर ‘एसव्हीएम मोड’ चालू हवा. काही मदरबोर्डवर तो ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत दडलेला असतो. टर्मिनलमधली ‘एलएससीपीयू’ ही कमांड प्रोसेसरची क्षमता सांगते, पण ती चालू आहे की नाही हे ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘केव्हीएम’ नावाची फाइल दिसते का, यावरून पक्के कळते.

व्हर्च्युअलबॉक्सचे ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ हे मॉड्युल (कर्नलला जोडला जाणारा भाग) डीकेएमएस या मॉड्युल बांधणाऱ्या साधनामार्फत तुमच्याच संगणकावर, तुमच्याच कर्नलसाठी बांधले जाते. त्यासाठी ‘यूनेम -आर’ जी आवृत्ती दाखवते, नेमक्या त्याच आवृत्तीचे कर्नल हेडर्स (मॉड्युल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात. ते नसले तरी सॉफ्टवेअर बसल्यासारखे दिसते, मेनूत चिन्हही येते. मशीन सुरू करताना मात्र कर्नल ड्रायव्हर नसल्याची तक्रार येते. आज चालले आणि कर्नल अपडेटनंतर बंद पडले, तरी कारण बहुधा हेच. म्हणून एका आवृत्तीचे हेडर्स न टाकता उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, ६४ बिट डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज टाकावे. मग नव्या कर्नलबरोबर नवे हेडर्स आपोआप येतात.

दुसरा अडसर सिक्युअर बूटचा, म्हणजे सही नसलेला कोड सुरुवातीलाच रोखणाऱ्या सुरक्षेचा. मॉड्युल बांधले गेले, पण त्यावर ओळखीची सही नाही, म्हणून कर्नल ते नाकारतो. मॉड्युल इन्स्टॉल होताना उबंटू एक पासवर्ड विचारते. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, तो सुमारे दहा सेकंदच थांबतो. तेवढ्यात कोणतेही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ (सही ओळखणारी किल्ली नोंदवा) निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. तिथे कीबोर्ड अमेरिकन इंग्रजी मांडणीचा असतो, त्यामुळे पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवावा. पडदा निसटला तर ‘एमओकेयुटिल’च्या इम्पोर्ट पर्यायाने ती किल्ली पुन्हा नोंदवता येते. यावर ‘सिक्युअर बूट बंद करा’ असे सर्रास सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच संगणकावरच्या विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल, तर या बदलानंतर तो रिकव्हरी की मागू शकतो आणि ती जवळ नसेल तर डेटा गेलाच म्हणायचा.

कर्नल ६.१२ पासून आणखी एक भर पडली आहे. केव्हीएम या लिनक्सच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन यंत्रणेचे मॉड्युल लोड होताक्षणीच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेते, आणि मग व्हर्च्युअलबॉक्स सुरू व्हायला नकार देऊ शकते. ‘मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ (एएमडीवर ‘केव्हीएम_एएमडी’) दिले की तेवढ्यापुरती वाट मोकळी होते.

पण मुळात ज्याच्याशी भांडायचे ते केव्हीएमच का वापरू नये? फेब्रुवारी २००७ मधल्या २.६.२० पासून ते लिनक्स कर्नलचाच भाग आहे. कर्नलबरोबरच सही होऊन येते, म्हणून हेडर्सचा आणि सिक्युअर बूटचा प्रश्नच उरत नाही. क्यूईएमयू (मशीन चालवणारे), लिबव्हर्ट (त्यांची व्यवस्था पाहणारे) आणि व्हर्ट-मॅनेजर (खिडकीतून हाताळायचे) ही पॅकेजे टाकावीत, स्वतःला ‘लिबव्हर्ट’ गटात घालावे आणि लॉगआउट करून परत यावे. हे राहिले तर परवानगी नाकारली जाते. विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) होम फोल्डरमधून वाचता आली नाही, तर ती ‘व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस’मध्ये हलवावी. ‘डिफॉल्ट’ नेटवर्क बंद दिसले तर ते सुरू करून ऑटोस्टार्टही लावावे. विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही, याने बरेच जण घाबरतात. आभासी डिस्क व्हर्टआयओ प्रकारची असेल, तर तिचा ड्रायव्हर विंडोजकडे नसतो, इतकेच. ‘व्हर्टआयओ-विन’ ही आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडून ‘लोड ड्रायव्हर’मधून ‘व्हीआयओस्टोर’ निवडावा.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, टीपीएमची नक्कल ‘एसडब्ल्यूटीपीएम’ हे पॅकेज करते. एकूण रॅम ८ जीबीच असेल तर दोन्ही बाजू रखडतात, हे आधीच सांगितलेले बरे.

व्हर्च्युअलबॉक्सची शेअर्ड फोल्डरची सोय सुटसुटीत आहे, हे मान्य. मात्र त्याचे एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचे पॅकेज) वेगळ्या परवान्याखाली येते. वैयक्तिक वापराला ते मोफत, कार्यालयात नाही.

माझी विनंती एवढीच, की असे मार्गदर्शन छापताना लिनक्सच्या वितरणाचे (उबंटू, डेबियन इत्यादी) नाव, त्याची आवृत्ती आणि सिक्युअर बूट चालू होते की बंद, या तीन गोष्टी मजकुरात द्याव्यात. त्या नसतील तर वाचकाला स्वतःची अडचण कुठल्या टप्प्यावर आहे, तेच ओळखता येत नाही.

आपला,
एक वाचक